इस्माईल जमादारांनी लिहिलेली ओळ

टीव्हीवरच्या पोलिसांशी मी रोज भांडते. खोलीत प्रेत पडलेलं असतं, आणि तो गोरागोमटा इन्स्पेक्टर थेट आत घुसतो, पडदा सारतो, टेबलावरचा ग्लास उचलून नाकाला लावतो. मी खाटेवरून ओरडते, "ठेव तो ग्लास, मेल्या! आधी घड्याळ बघ!" सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणते, "आई, त्याला ऐकू येत न्हाई." मला माहीत आहे त्याला ऐकू येत नाही. त्याच्या वयात मलाही कुणाचं ऐकू येत नव्हतं.

मला ज्यांनी ऐकायला लावलं ते इस्माईल जमादार. सरकारी कागदावर हवालदार, पण आमच्याकडं त्या हुद्द्याला जमादारच म्हणतात. ठाण्याचं नाव मी लिहीत नाही, त्यातली माणसं अजून बाजारात भेटतात. हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा व्हायचा होता, आम्ही परभणीत मोडायचो, आणि अख्ख्या ठाण्यात मी, शिपाई वनमाला, एकटी बाई होते.

ती बाई कशी होती ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. उंची जेमतेम, तोरा ताडाएवढा. नांदेडहून आणलेला काळा गॉगल, खळ घालून पुठ्ठ्यासारखा कडक केलेला शर्ट, आणि बुटांचा आवाज व्हावा म्हणून मुद्दाम ठोकून घेतलेले खिळे. माझी सासू म्हणायची, "आता मिशा तेवढ्या लाव, म्हंजी आमी समदे सलाम करून राहतो." मी मनातल्या मनात गुन्हेगार पकडायची, आणि ते सगळे माझ्या पाया पडायचे.

पहिल्या दिवशी ठाण्यात गेले तर कोपऱ्यात एक बारकेला माणूस खिडकीच्या उजेडात कुणाच्या तरी पँटची शिवण घालत बसलेला. कानावर शिंप्याचा खडू, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मला वाटलं, शिंपी बोलावलाय. मी ऐटीत म्हटलं, "ए मामा, जमादारसाहेब कुठं भेटतील?" त्यांनी दोरा दातांनी तोडला, मला वरून खाली बघितलं आणि म्हणाले, "खांद्याला अर्धा इंच जास्त हाय. आन् गॉगल काढा बाईसाब. आपल्याला लोकांच्या घरातल्या अंधारात बघायचं ऱ्हातंय."

वडील शिंपी, आजा शिंपी. पोलिसात भरती होईपर्यंत हेही मशीनवरच बसायचे. नोकरी बदलली, खिसा बदलला नाही. त्यात मोजायची टेप, खडू, सुईदोरा. टेपनं ते घटनास्थळ मोजायचे आणि खडूनं खुणा करायचे. बोलणं आमच्यासारखंच, चिडले की दखनीत शिरायचे. मी त्यांना पुढं चाचा म्हणायला लागले. मी शहाणपणा केला की त्यांच्या तोंडी 'बाईसाब', आणि खरंच काही शिकवायचं असलं की 'पोरी'.

घटनास्थळी पोचले की त्यांचं एक ठरलेलं. आधी घड्याळ बघायचं आणि वहीत वेळ लिहायची. मग दोन्ही हात खिशात. मग नुसतं बघायचं. दार उघडं की लोटलेलं, दिवा चालू की विझलेला, चुलीतली राख गरम दिसते की गार, कुत्रं बांधलेलं की मोकळं. मी शेजारी चुळबुळत असायची, मला आत घुसायचं असायचं. ते म्हणायचे, "पोरी, डोळे आणायचे, हात घरी ठिवून यायचं. उद्या जज्जाला आपण काय सांगणार? आपुन आलो तवा असं व्हतं. आपुन येऊन गेल्यावर कसं झालं त्याचं त्याला काय करायचंय?"

त्यांचा खरा राग चोरावर, खुन्यावर नसायचा. मदत करणाऱ्यांवर असायचा. आपल्याकडं कुणी मेलं की गावातला प्रत्येक माणूस काहीतरी करायला धावतो. कुणी अंथरूण घडी करतं, कुणी सांडलेलं पुसून घेतं, कुणी उशाशी दिवा लावतं, बायका शेणाचं सारवण घेऊन येतात. "मारणारा एक मारून जातो," चाचा म्हणायचे, "आन् पन्नास माणसं त्याच्या मागं झाडून घेत येतात. समदी भली माणसं. एकालाबी बेड्या घालता येत न्हाईत."

गर्दी हटवायची त्यांची युक्ती मी पुढं आयुष्यभर वापरली. मी लाठी आपटत "चला, चला, मागं व्हा" करायची आणि लोक माझ्या भोवतीच जमायचे, बाई लाठी कशी आपटते ते बघायला. चाचा वही उघडायचे, पेन झटकायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "हां, कुणी कुणी बघितलं? पंच म्हणून सही लागते. तारखेला कोर्टात यावं लागंल. तुमचं नाव काय पाटील?" पाटलाला एकदम म्हशीला पाणी दाखवायचं आठवायचं. मिनिटभरात अंगण रिकामं. उरायचे ते दोघं-तिघं खरोखर काही बघितलेले, नाहीतर बहिरे.

एकदा वारंगा फाट्याच्या अलीकडं ट्रकनं मोटारसायकलवाल्याला उडवलं. आम्ही पोचलो तेव्हा लोकांनी त्याच्यावर धोतर पांघरून ठेवलं होतं आणि सगळे लांबून चुकचुकत होते. दोन्ही बाजूला वाहनांची रांग. मला तर अशी संधी पाहिजेच होती. रस्त्याच्या मधोमध उभी राहून मी शिट्टी काढली आणि वाहतूक वळवायला लागले, हातवारे असे की भरतनाट्यम बघावं. मागून चाचांचा आवाज आला, "शिट्टी बंद कर! शिट्टी बंद कर पयली!"

ते गुडघ्यावर बसले होते. धोतर बाजूला सारून त्यांनी स्वतःचा चष्मा त्या माणसाच्या नाकाखाली धरला होता. काचेवर वाफ धरली, विरली, पुन्हा धरली.

"जित्ता हाय! अरे जित्ता हाय हा!"

त्यांनी खांद्याखाली हात घालून त्याला ओढला, मी पाय धरले, आणि येणाऱ्या पहिल्या टेम्पोत घातला. टायरच्या खुणा, काचा, रक्त, सगळं आमच्याच पायांनी तुडवलं गेलं. तो माणूस वाचला, एका पायानिशी. संध्याकाळी पंचनामा वाचला तर त्यात लिहिलेलं: जखमीस हलवताना रस्त्यावरील खुणा माझ्या पायाने पुसल्या गेल्या, सही, इस्माईल.

"हे काहून लिहिलं चाचा? कुणी इचारणार व्हतं का?"

"इचारल्यावर लिहायचं आसतं व्हय?" मग मान हलवून म्हणाले, "जीव बघायला हात लावायचा. तेवढ्यालाच. बाकी समद्याला खिसा. अर्धा तास त्याला धोतराखाली ठिवलं लोकांनी. आन् तू, बाईसाब, त्याला शिट्टी ऐकवून राहिली."

मी आठवडाभर शिट्टी घरीच विसरत होते.

साहेब लोकांचीही ते गय करायचे नाहीत. एका घरफोडीत चोरानं जाताना माठातलं पाणी पिऊन पेला तसाच ठेवला होता. आमचे नवे फौजदार उन्हातून आले, तोच पेला उचलला, बुचकळला आणि घटाघटा पाणी प्यायले. चाचांनी लिहिलं, "फौजदारसाहेब सदर पेल्याने पाणी प्याले." साहेबांनी वाचलं, कान लाल झाले. म्हणाले, "जमादार, हे खोडा." चाचा म्हणाले, "साहेब, खोडतो. खोडल्याची सही तुमी करा." साहेबांनी केली नाही. ओळ राहिली. चाचांची बदली दोनदा का झाली असेल ते मी सांगायला नको.

हे सगळं मी हसत ऐकायची आणि घरी नवऱ्याला रंगवून सांगायची. मला वाटायचं, मला सगळं समजलंय.

मग कलाचं झालं.

फाट्यावरून कच्च्या रस्त्यानं आत जाणारं गाव. सकाळी नऊच्या सुमारास पोलीस पाटील ठाण्यात आला, म्हणाला, अमक्याच्या सुनेनं आढ्याला फास घेतला, घरच्यांनी खाली उतरवलीय, संपली. फौजदार औंढ्याला बंदोबस्तावर. चाचा आणि मी मोटारसायकलवर निघालो.

चंद्रकला नाव, कला म्हणायचे. लग्नाला तीन वर्षं. माजघरात जमिनीवर पडलेली. खोलीला एकच झरोका, माणूसभर उंचीवर, आणि आतल्या बाजूला धान्याची मोठी कणगी. चाचांनी घड्याळ बघितलं, वेळ लिहिली, एकटेच आत गेले, वाकून चष्मा नाकाखाली धरला, मनगट बघितलं आणि त्याच पावलांनी मागं आले. दारात खडूनं रेघ मारली.

लग्नाला सात वर्षं झालेली नसली की बाईच्या मरणाचा पंचनामा तहसीलदारांसमोर व्हावा लागतो. ग्रामपंचायतीचा फोन बंद पडलेला. तहसीलदार दौऱ्यावर निघायच्या आत त्यांना गाठायचं तर फाट्यावर जाऊन फोन करायला पाहिजे. चाचा घाईत होते.

"पोरी, हे घर आता तुझ्या ताब्यात. कुणी आत न्हाई. आतलं काही भायर न्हाई. ही रेघ दिसती ना? तूबी अलीकडं."

"व्हय चाचा."

"मी आलोच."

त्या तासाभरात मी काय पराक्रम केला ते ऐका. पहिल्यांदा बायका आल्या, शेणाची बादली घेऊन. मी लाठी आडवी धरली. मग दुसऱ्या आल्या, ताटात हळदीकुंकू. सवाशीण गेली, तिला कुंकू लावायला नको का? मी गरजले, "एक पाऊल पुढं टाकाल तर ठाण्यात घालीन." त्या मागं सरल्या. माझी छाती अशी फुगली की शर्टाची गुंडी ताणली. वाटलं, आज चाचा बघतील.

मग कलाच्या नवऱ्याची चुलती आली. म्हातारी, हळू बोलणारी. ती आत यायला मागतच नव्हती. ओसरीच्या खांबाला धरून म्हणाली, "लेकी, तू बाईमाणूस हाईस म्हणून सांगते. तिचं लुगडं बघ गं. गुडघ्याच्या वर गेलं. बाप्ये झरोक्यातून बघून राहिले."

मी मान वळवली. खरंच झरोक्यात दोन डोकी होती, बाहेर कशावर तरी चढून उभी. आणि कलाचे पाय उघडे होते.

रेघ ओलांडताना मला काही वाटलंही नाही. मी झरोक्याकडं लाठी फेकली, डोकी गायब झाली. वाकून लुगडं घोट्यापर्यंत ओढलं, पदर छातीवर सारखा केला.

"बांगड्या बघ गं तिच्या वाढवल्यात," म्हातारी बाहेरून म्हणाली. "भुईवर पडल्या. आता पंच येतील, साहेब येतील, समद्यांच्या पायाखाली येतील. सवाशिणीच्या बांगड्या तुडवू न्हाई, लेकी."

मला माझ्या आजीनंही हेच शिकवलं होतं. सवाशिणीची काच पायाखाली येऊ द्यायची नाही, उचलून नदीत सोडायची. मी रुमाल पसरला आणि हिरवे तुकडे वेचायला लागले. बसून, निवांत, एकूण एक. एक तुकडा बोटात घुसला. शेवटी रुमालाला कपाळ लावलं आणि गाठ मारली. मग रेघेच्या अलीकडं येऊन पुन्हा ऐटीत उभी राहिले.

ती म्हातारी रीत सांगत होती का मला कामाला लावत होती, हे मला आजही कळलेलं नाही. तिलाही कळलं असेल का कोण जाणे.

चाचा परत आले. दारातून आत बघितलं आणि तसेच थांबले.

"लुगडं कुणी सारखं केलं?"

"मी. बाप्ये बघत व्हते."

"आन् बांगड्या? खाली वाकलो तवा काच चमकली व्हती."

मी खिशातून रुमाल काढला, हौसेनं गाठ सोडली. "एकबी तुडवू दिली न्हाई चाचा."

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते ओसरीवर खाली बसले. मग अगदी हळू विचारलं, "कुठं कुठं व्हत्या?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. "कणगीपाशी सात तुकडे. आतल्या उंबऱ्याशी दोन. फास जिथं व्हता तिथं..." मी थांबले.

"तिथं?"

"तिथं एकबी नव्हता."

फास आढ्याला, खोलीच्या या टोकाला. बांगड्या फुटल्या त्या पलीकडं, कणगीच्या आडोशाला. घरचे तर सांगत होते, लटकलेली दिसली, उतरवली, उतरवताना बांगड्या फुटल्या.

त्याच वेळी अंगणात ट्रॅक्टर येऊन थांबला. कलाची आई उतरली, गयाबाई. लोकांनी धरून ठेवलं तरी तिचा आवाज घरभर शिरला. "माझ्या लेकीनं जीव दिला न्हाई! परवा बाजारात भेटली, दिवाळीला येते म्हणली! तिनं जीव दिला न्हाई हो!"

फौजदार पोचले. त्यांनी मला काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण शब्द अन् शब्द बरोबर होता. मग ते शांत झाले आणि म्हणाले, "तहसीलदार यायला अर्धा तास आहे. पंच अजून बोलावले नाहीत. बाई, तुला जागा आठवतात ना? जा, ठेव परत."

मी उठलेच. देवाशप्पथ सांगते, मला माझी नोकरी वाचल्याचा आनंद झाला.

"न्हाई साहेब," चाचा म्हणाले.

"जमादार, खोटं काय आहे त्यात? जिथं होत्या तिथंच ठेवायच्या आहेत."

"आता ठिवल्या की त्या वनमालाच्या झाल्या. कलाच्या न्हाई राहिल्या."

"ती आई ऐकू येतीय का तुम्हाला? केस जाईल!"

"ऐकू येऊन राहिली साहेब." चाचांनी वही मांडीवर घेतली. "तुमचा हुकूम आसंल तर ठिवा. मी लिहिणार की ठिवल्या."

फौजदारांनी टोपी खांबावर आपटली आणि बाहेर गेले. मी चाचांच्या पायाशी बसले. "चाचा, मला आठवतंय. अगदी बराबर आठवतंय. तुमी म्हणाल ती शप्पथ घेते. एवढ्या बारी."

"पोरी, तू बराबर सांगून राहिली, हे मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "पण एकदा ठिवायला शिकली ना, तर पुढच्या घरात तुला आठवणार बी न्हाई आन् तू ठिवशील."

आणि त्यांनी लिहिलं: महिला शिपाई वनमाला यांनी पंचनाम्यापूर्वी मयताचे लुगडे सारखे केले व बांगड्यांचे तुकडे जागेवरून उचलले. त्याखाली मी सांगितलेल्या जागा, माझं सांगणं म्हणून. आणि त्याखाली आणखी एक ओळ, जी मी तेव्हा रागानं वाचलीच नाही: घटनास्थळ सोडण्यापूर्वी मी वस्तूंच्या जागा लिहून घेतल्या नाहीत, ही माझी चूक, सही, इस्माईल.

मला ठपका आला. मी चाचांशी अबोला धरला. केवढा शौर्याचा अबोला! ते टेबलावर आले की मी भिंतीकडं बघायची. माझ्या शर्टाची गुंडी तुटली की दुसऱ्या दिवशी ती शिवलेली असायची, शर्ट खुर्चीवर. मी आभारही मानले नाहीत. वर्षभर तरी हा तमाशा चालला. मग एकदा डब्यातली चटणी त्यांच्यापुढं सरकवली, त्यांनी घेतली, आणि अबोला संपला.

कलाच्या नवऱ्यावर खटला उभा राहायला काही वर्षं गेली. तोवर चाचा निवृत्त झाले होते. साक्षीला आले ते स्वतः शिवलेला पांढरा शर्ट घालून. डॉक्टरांच्या कागदात गळ्याभोवतीचा वळ होता, पण जीव फासानं गेला की आधीच, याचं ठाम उत्तर नव्हतं. सगळा भार त्या नऊ तुकड्यांवर.

आरोपीचा वकील मला म्हणाला, "बाई, तुकडे कणगीपाशी होते हे तुमच्याशिवाय कुणी पाहिलं?"

"न्हाई."

"तुम्ही चूक केली म्हणून तुम्हाला ठपका मिळाला?"

"व्हय."

"म्हणजे चूक झाकायला ही गोष्ट रचायला तुम्हाला कारण होतं."

नवरा सुटला. संशयाचा फायदा.

गयाबाई प्रत्येक तारखेला यायची. कोर्टाच्या ओसरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसायची. निकालाच्या दिवशी तिनं शिपायाला विचारलं, "फायदा त्याला झाला, ते समजलं. पर संशय कुणावर आला, बाबा?" मी खांबाआड झाले. चाचांनी मात्र ते ऐकलं, आणि तिथंच म्हणाले, "हिला सांगावं लागंल."

"काहून चाचा? आता काय उपयोग?"

"तिनं इचारलं ना."

महिन्याभरानं आम्ही गेलो. शिरड शहापूरपर्यंत बसनं, पुढं वस्तीवर चालत. उन्हं चढली होती. अंगणभर उकडलेली हळद वाळत पसरलेली आणि गयाबाई तिच्यातले गड्डे वेगळे करत बसलेली, हात कोपरापर्यंत पिवळे. तिनं ओळखलं. पोतं अंथरलं, तांब्या भरून आणला, पेला ठेवला. "पाणी घ्या जमादार."

"आधी सांगतो, माय. मंग घेतो."

त्यांनी उभ्यानंच सांगितलं. काही झाकलं नाही, मला वाचवलं नाही, स्वतःला वाचवलं नाही. रेघ, घाई, न लिहिलेल्या जागा, माझा रुमाल, फौजदारांचं म्हणणं, स्वतःचा नकार. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. गयाबाईचे हात हळदीवर तसेच थांबलेले.

मग ती माझ्याकडं वळली. "तिचं लुगडं गुडघ्याच्या वर व्हतं?"

"व्हय माय."

"बाप्ये बघत व्हते?"

"झरोक्यातून."

"तू झाकलं?"

"व्हय."

तिनं माझा हात धरला. "इतकी वर्सं झाली, रोज तेच डोळ्याफुडं येऊन राहिलं. पोरगी कशी पडली आसंल, कोण कोण बघून गेलं आसंल. कुणी सांगितलंच न्हाई. तू झाकलं. बरं केलं, माय माझी. बरं केलं."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. तिनं हात सोडला नाही. तशीच मान वर करून तिनं चाचांना विचारलं, "ते तुकडे परत ठिवता आले आसते?"

"आले आसते."

"ठिवले आसते तर त्यो आत गेला आसता?"

"गेला आसता कदाचित."

"मंग काहून न्हाई ठिवले?"

मला जे सांगितलं होतं ते सगळं चाचांना तिला सांगता आलं असतं. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी तिच्याकडं बघितलं.

"माझ्याच्यानं झालं न्हाई," ते म्हणाले.

गयाबाई उठली. चाचांच्या पुढ्यातला भरलेला तांब्या उचलला, पेला उचलला, आणि मला म्हणाली, "चल लेकी, आत. भाकर खाऊन जा."

मी चाचांकडं बघितलं. ते हळूच म्हणाले, "जा. न्हाई म्हणू नको तिला."

आत तिनं त्याच तांब्यातलं पाणी मला हात धुवायला दिलं, मग प्यायला दिलं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, ठेचा. मी नको म्हणायच्या आत तिनं दुसरी भाकर वाढली, मग तिसरी. माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. चूक करणारी मी, आणि मी पाहुणी होऊन जेवत होते.

त्याच उन्हाळ्यात चाचा लेकीकडं दूर राहायला गेले आणि तिकडंच वारले. माझ्या डोळ्यांपुढं ते येतात ते त्या घराच्या दारातून दिसले तसे. अंगणात कुठं झाडाची सावली नव्हती. पसरलेल्या हळदीवर पाय पडू नये म्हणून ते दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत पाय जुळवून उभे होते. शर्ट पाठीला चिकटला होता. पोतं तिथंच अंथरलेलं होतं, पण ते बसले नाहीत, आणि पाणीही त्यांनी मागितलं नाही. माझी तिसरी भाकर संपेपर्यंत ते तसेच उभे होते.